फुंकर न घालता

सोमवार, ७ फेब्रुवारी २००५

आजपासून रोजचं लिहून ठेवणार. मराठीत, कारण नांदगावच्या शाळेने मला दिलेली ही एकच गोष्ट सासरी अजून कुणाच्या हाती लागलेली नाही. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फक्त उर्दू वाचता येतं. रय्यानच्या अब्बांना मराठी येतं, पण इब्राहिमसाहेब द्राक्षांच्या भावाशिवाय काही वाचत नाहीत. आमचा मुलगा रय्यान सहा वर्षांचा आहे आणि तो जोडाक्षरांवर अडकला आहे. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

मुहूर्त असा की आज मी मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचा डबा ठेवला. आत दिवाळी झाली. मायक्रोवेव्हचा तीन दिवसांचा वर्ग मी रीतसर केला आहे, फक्त पहिल्या दिवशी गेले नव्हते, आणि स्टीलचा विषय नेमका पहिल्या दिवशी झाला असणार. अम्मी दारात उभ्या होत्या. त्या हिंदीत बोलतात, मी इथे मराठीत उतरवते, त्यामुळे त्यांचा निम्मा दरारा कमी होतो. म्हणाल्या, "चुलीतून धूर येतो, हे ऐकलं होतं. वीज चमकते, हे आज पाहिलं."

पाळणाघर सुरू करून महिना झाला. रय्यान धरून पाच मुलं. सगळी इंदिरानगरातलीच, एकाच शाळेची. मुलांच्या आया सकाळी सहाला डबा भरतात, तो शाळेत जातो, आणि दुपारी मुलांबरोबर माझ्याकडे येतो. दारावर मी पाटी लावली आहे: ‘मुलांना जेवण गरम मिळेल’. बाकी सगळी पाळणाघरं गार जेवण देतात, म्हणून ही माझी शान. रोशनीच्या आईने, तृप्तीने, पाटी वाचून फार हळुवारपणे विचारलं होतं, "त्या ओव्हनमध्ये... म्हणजे तुमचं... नॉनव्हेज वगैरे?" मी सांगितलं, ओव्हन शाकाहारी आहे, आम्ही नाही. इकडे अम्मींनी विचारलं होतं, "त्यांच्या डब्यात काय काय असतं, कुणास ठाऊक!" दोघींची काळजी एकच, फक्त तोंडं विरुद्ध दिशेला.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

रोशनी काल संध्याकाळी घरी जाऊन ओकली. तीन वेळा. आज तृप्ती एकटीच आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही.

डब्यात रात्रीचा भात होता, सकाळी फोडणी दिलेला. दुपारपर्यंत दप्तरात, तेही उन्हाच्या बाजूच्या खिडकीखाली. आणि मी तो कोमट केला. कोमटच का? कारण कढत केला की मुलं फुंकर मारतात, आणि फुंकर मारली की अम्मी ओरडतात, "खाने पे फूंक नहीं मारते!" अन्नावर फुंकू नये, हा आमच्याकडचा अदब. मुलाला वाढवणं म्हणजे आधी हे शिकवणं: बिस्मिल्ला, उजवा हात, आपल्या समोरचं खायचं, संपेल तेवढंच घ्यायचं, नावं ठेवायची नाहीत, फुंकायचं नाही. म्हणून मी सुवर्णमध्य काढला. कोमट. ना चटका, ना फुंकर, ना भांडण.

तृप्ती म्हणाली, "ताई, पुन्हा एकदा जरी असं झालं ना, तर मी रोशनीला काढेन. आणि गप्प बसणार नाही. बाकी तिघींनाही सांगेन."

तिचं बरोबर आहे. दुसऱ्याचं मूल म्हणजे अमानत, असं मी स्वतःच पहिल्या दिवशी आयांना ऐटीत सांगितलं होतं. अमानत सांभाळता आली नाही तर पाटी उतरवून ठेवावी, हे खरं.

रविवार, १३ फेब्रुवारी

रय्यानचे अब्बा पिंपळगावच्या शीतगृहात सुपरवायझर आहेत. आज सुट्टी. मी सगळं रडगाणं गायले. त्यांनी द्राक्षावर व्याख्यान दिलं, कारण त्यांच्याकडे प्रत्येक दुःखावर द्राक्षच असतं.

"घड तोडला की काही तासांत गार खोलीत गेला पाहिजे. मग बोटीत बसेपर्यंत गारच. मध्ये एकदा जरी कोमट झाला, तरी संपला माल."

म्हणजे परदेशी लोकांच्या तोंडात जाणारं द्राक्ष बर्फात झोपून प्रवास करतं, आणि इंदिरानगरच्या लेकरांचा भात दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी शिजत पडतो. मी हे बोलून दाखवलं. ते हसले नाहीत. आत गेले आणि बॅगेतून एक सुई लावलेला तापमापक काढून दिला. जुना आहे, कामावर नवे आले आहेत. म्हणाले, "मधोमध खुपस. कडेला नाही. कडा खोटं बोलतात."

लग्नाला आठ वर्षं झाली. साडीपेक्षा बरी भेट.

बुधवार, १६ फेब्रुवारी

नवे नियम अमलात आले. मुलं शाळेत जाताना डबा माझ्याकडे टाकून जाणार, तो लगेच फ्रिजमध्ये. मधल्या सुट्टीसाठी कोरडा खाऊ वेगळा. दुपारी डबा काचेच्या भांड्यात उलटा करायचा, पाण्याचा हबका, झाकण, मध्ये एकदा ढवळायचं, वाफ निघेपर्यंत तापवायचं, सुई पंचाहत्तर दाखवेपर्यंत थांबायचं. एकदा तापवलेलं पुन्हा तापवायचं नाही. उरलं की टाकायचं.

पहिलाच प्रयोग. पाच ताटल्या, पाचांतून वाफ. मुलांनी गाल फुगवले. अम्मींनी बोट वर केलं. पाचही गाल रिकामे झाले. मग सगळे हात मांडीवर ठेवून ताटल्यांकडे बघत बसले, जसं काही ताटलीतून कुणी बाहेर येणार आहे. रोशनीने तिचा श्लोक म्हटला, रय्यानने बिस्मिल्ला म्हटलं, दोन्ही संपले तरी भात गरमच. शेवटी मी ताटलीभर भात पसरायला शिकवलं. पसरला की लवकर निवतो. अम्मींना यात धर्माविरुद्ध काही सापडलं नाही. शोधत होत्या.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

आज मोठी लढाई.

मुलं अर्धा डबा टाकतात. आया प्रेमाने भरतात, मुलं प्रेमाने टाकतात. मी उरलेलं सगळं ओट्याखालच्या निळ्या बादलीत ओतायला सांगितलं. धुणंभांडी करणाऱ्या लंकाबाईची शेळी आहे, संध्याकाळी ती बादली नेईल. अम्मी बादलीसमोर उभ्या राहिल्या.

"हा इस्राफ आहे. उधळपट्टी. एकेका दाण्याचा जाब द्यावा लागेल."

"शेळीच्या पोटात जातं की, अम्मी. वाया कुठे जातं?"

"माणसाचं शिजवलेलं अन्न माणसाने खावं. रात्रीच्या कढीबरोबर गरम करू. मी तुझ्या नवऱ्याला असंच वाढवलं. मेला का?"

मी म्हटलं, "अन्न टाकणं गुनाह, कबूल. आणि परक्याच्या लेकराला नासकं खाऊ घालणं? ते काय, सवाब?"

अम्मी बादलीसमोरून बाजूला झाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मी बादलीत रोशनीची अर्धी पोळी टाकली, जरा जोरातच. जिंकल्यावर माणूस थोडं जोरात टाकतं. अम्मींनी बराच वेळ बादलीकडे पाहिलं आणि नमाजला गेल्या.

गुरुवार, १० मार्च

कौतुकाची बातमी, आणि ती लिहायला मला अजिबात संकोच नाही. बादली रिकामी राहायला लागली! तळाला भाजीची देठं आणि एखादी लोणच्याची फोड. म्हणजे मुलं आता डबा चाटूनपुसून खातात. गरम अन्नाचा महिमा. मी दुपारी जेवण झालं की मुलांना बाहेरच्या खोलीत झोपवते आणि स्वतःही लवंडते, त्यामुळे ताटल्या उचलायचं आणि डबे घासायला टाकायचं काम अम्मींनी आपणहून घेतलं आहे. लढाई हरल्यावर शत्रूने इतकं सहकार्य करावं, हे इतिहासात कमी घडलं असेल.

आयांना मी निरोप पाठवला: मुलं सगळं संपवतात, डबा थोडा वाढवला तरी चालेल. त्यांनी वाढवला.

शनिवार, १९ मार्च

भारनियमन. ओव्हन मधोमध बंद पडला, डबे अर्धे तापलेले. पुन्हा कधी लाइट येणार, देव जाणे. मी सगळं गॅसवर घेतलं, झाकणाखाली सणसणीत वाफ काढली. सुई पंचाहत्तरला आली तेव्हा माझ्या कपाळाचं तापमान साधारण तेवढंच असावं. मुलांनी न फुंकता वाट पाहिली. रोशनीने विचारलं, "आंटी, लाइट नाही तर फॅन पण नाही. मग भाताला वारा कोण घालणार?" अम्मींनी आपल्या पदराने वारा घातला. पदराला मनाई नसावी.

सोमवार, २८ मार्च

अम्मींनी असहकार पुकारला आहे. आमच्याबरोबर दुपारी जेवत नाहीत. "भूक नाही." ताट वाढलं तर झाकून ठेवायला लावतात आणि संध्याकाळी ते हात न लावता तसंच लंकाबाईला देऊन टाकतात. मी ओळखून आहे. बादलीचा राग जेवणावर काढणं हा सासूचा जुना हक्क आहे. मी मनधरणी करणार नाही.

शिवाय पोट बिघडलं आहे म्हणतात. जिरं, ओवा, हिंग, सगळं सुरू. जेवत नाहीत तर बिघडायला पोटात आहे काय? हे मी मोठ्याने विचारलं नाही, एवढं माझं संस्कारी वागणं.

हल्ली संध्याकाळी अस्रच्या नमाजनंतर स्वयंपाकघरातून ओव्हनचा ‘टिंग’ ऐकू येतो. ज्या यंत्रात वीज चमकते म्हणून नाक मुरडलं, त्यातच आता गुडघ्याला लावायचं तेल कोमट करतात, दुसरं काय! मी आत जाऊन त्यांना खजील केलं नाही.

बुधवार, ६ एप्रिल

आज तृप्ती बसली. चहा प्यायली. रोशनीचं पोट महिनाभर एकदम ठणठणीत, आता घरीसुद्धा ती अन्नावर फुंकत नाही आणि वडिलांनाही फुंकू देत नाही, म्हणे. वडील चहा बशीत ओतून बसून राहतात. आम्ही दोघी पोटभर हसलो. जाता जाता म्हणाली, "फक्त एक कळत नाही. एवढा डबा संपवते, तरी घरी आल्या आल्या ‘भूक लागली’ म्हणते." मी म्हटलं, वाढतं अंग आहे.

लंकाबाईने मात्र तोंड फुगवलं आहे. "ताई, शेळीला काय घालू? बादलीत निस्ती देठं हायेत. तुम्ही म्हनल्या व्हत्या, लय उरतं."

"मुलं सगळं संपवतात ना, लंकाबाई."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत अम्मींच्या खोलीकडे पाहिलं. "आसंल," म्हणाली आणि बादली विसळली. या बाईला चांगली बातमी सहन होत नाही.

बुधवार, १३ एप्रिल

अम्मी मोरीत पडल्या. सकाळपासून उलट्या, जुलाब, दुपारी उठताना चक्कर. हात बर्फासारखे, ओठ कोरडे. मुलं होती, मी तृप्तीला फोन केला, ती कामावरून सुटून आली आणि मुलांजवळ बसली. मी आणि शेजारच्या सुनीलने अम्मींना रिक्षात घातलं. अम्मी रिक्षातसुद्धा डोक्यावरचा पदर सावरत होत्या.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलं आहे, वय पाहता आज रात्र इथेच ठेवू. विचारलं, "काय खाल्लं होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. त्या दुपारी जेवतच नाहीत."

डॉक्टरांनी अम्मींकडे पाहिलं. अम्मींनी डोळे मिटले. झोपेचं सोंग मला कळतं, पाच मुलं झोपवते मी रोज.

आज विनोद सुचत नाही. भीती वाटते आहे.

शुक्रवार, १५ एप्रिल

अम्मी बऱ्या आहेत. आधी हे लिहिते.

काल सकाळी रय्यानचे अब्बा औषध आणायला खाली गेले तेव्हा मी खुर्ची पलंगाला लावली आणि सरळ विचारलं. संध्याकाळी ओव्हनमध्ये काय तापवता? तेल म्हणू नका. तेलाची बाटली महिन्याभरात इंचभरही उतरलेली नाही, हे मला आदल्या रात्री घरी जाऊन पाहिल्यावर कळलं होतं.

अम्मी भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मुलांचं उरलेलं."

"रोज?"

"तू झोपतेस तेव्हा काढून ठेवते. नमाजनंतर खाते. जरासं कोमट करून. फार तापवलं की वेळ जातो, तू उठतेस."

दुपारी एकचं उरलेलं. एप्रिलच्या उन्हात, ओट्यावर, पाच मुलांच्या बोटांनी चिवडलेलं. मग कोमट. मी पाचही मुलांपासून जे जे दूर ठेवलं, ते ते सगळं एकत्र करून अम्मींनी रोज खाल्लं. आणि मी आयांना सांगून डबे वाढवले होते. म्हणजे वाढवलेलंसुद्धा त्यांनीच खाल्लं.

माझा आवाज चढला. "अम्मी, पण का? सांगितलं होतं ना मी, ते खराब होतं!"

"झूठे में शिफा है," त्या म्हणाल्या. एकमेकांच्या उष्ट्यात आजार बरा करायची ताकद असते, असं आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात. शिफाने सलाईनपर्यंत आणून सोडलं, असं ओठांवर आलं होतं. बोलले नाही. इथे लिहिलं, एवढीच बहादुरी.

मग थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "तू म्हणालीस ते मला पटलं होतं. परक्याच्या लेकराला नासकं घालणं मोठा गुनाह. तुझं बरोबर होतं. पण टाकणं पण गुनाहच ना? आणि हुकूम तुझा. म्हणजे जाब तुला विचारला असता. मी म्हातारी. मी खाल्लं की तुझ्यावर काही राहत नाही."

मला वाटत होतं, त्या माझ्याशी भांडताहेत. महिनाभर त्या माझ्या वाट्याचा गुनाह चमच्याने खात होत्या. आणि मी दुसऱ्या खोलीत ‘टिंग’ ऐकून मनात हसत होते.

मी तिथेच रडले, पलंगाच्या लोखंडी दांड्याला डोकं लावून. नर्सने येऊन विचारलं, पेशंट कोण आहे?

मंगळवार, १९ एप्रिल

तृप्तीला आणि बाकी तिघींना बोलावून सगळं सांगितलं. न सांगता चाललं असतं. मुलांना तर काही झालेलं नाही. पण मी त्यांना मुलं डबा संपवतात म्हणून सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. लबाडी नव्हती, पण खोटं होतं. तृप्ती उठून जाईल असं धरून चालले होते. ती बसूनच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे रोशनीला खरंच भूक लागत होती."

ठरलं असं. डबा फ्रिजमध्ये तसाच राहील. दुपारी मूल सांगेल तेवढंच वेगळं काढायचं आणि तेवढंच तापवायचं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा काढायचं. राहिलेल्याला ना कुणाचा हात लागला, ना ते एकदाही तापलं. ते त्याच वेळी ताज्या वाफेवर मोठ्यांच्या ताटात. नियम कुणाचा? अम्मी पहिल्या दिवसापासून मुलांना सांगत आहेत: संपेल तेवढंच घ्या. मी ते फुंकण्याच्या यादीतलं आणखी एक कलम समजून सोडून दिलं होतं. तिकडे नियम होता, इकडे सुई होती, आणि मध्ये मी बादली ठेवली.

मुलं उद्यापासून येणार आहेत. चारही.

सोमवार, २५ एप्रिल

अम्मी आज पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या. अजून अशक्त आहेत, तक्क्याला टेकून. रोशनीने त्यांना सांगितलं, "दादी, थोडंच घ्या. संपेल तेवढंच." अम्मींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मी हसू दाबलं.

मुलं झोपली. अम्मींसाठी मी पातळ खिचडी केली होती, ती उशिराने आणली. वाफ निघत होती. मी चमचा भरला आणि सवयीने गाल फुगवले. अम्मींनी बोट वर केलं.

मग मी खिचडी ताटलीत पसरली आणि आम्ही दोघी बसून राहिलो. निवेपर्यंत करण्यासारखं काही नसतं, तेव्हा माणूस बोलतं. त्यांनी मला विचारलं, या वहीत रोज काय लिहितेस? मी म्हटलं, तुमच्या चुगल्या. त्या म्हणाल्या, "मग मोठी वही घ्यायला हवी होती." लग्नानंतर आठ वर्षांत आम्ही दोघी नुसत्या बसलो, असं आठवत नाही. कायम काहीतरी गरम असायचं.

खिचडी निवली. अम्मींनी बिस्मिल्ला म्हटलं, सावकाश खाल्ली, आणि दोन घास राहिले असताना हात थांबला. जात नव्हतं. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तेवढं संपवायला पुन्हा चमचा उचलला.

मी ताटली त्यांच्या हातातून काढून घेतली. निळी बादली ओट्याखाली होती तिथेच होती.

ते दोन घास मी खाल्ले. तापमान मोजलं नाही.